जयवंताने सांगितलेली बातमी

जयवंताला खोटं बोलायला जमायचंच नाही. शेतातल्या काकड्या विकायला बसली की गिऱ्हाईकाला आधीच सांगायची, "ह्या वेलाच्या कडू निघतात, त्या घेऊ नका." सासू धोंडूबाई वैतागायची, पण घरातलं खरं-खोटं विचारायचं झालं की तिलाच विचारायची.

तिचा नवरा वाल्मिक साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता. मागच्या उन्हाळ्यात टाकी धुवायला आत उतरला आणि कोंडलेल्या वाफेने तिथेच आडवा झाला. बाहेर काढला तेव्हा श्वास जवळजवळ थांबला होता. तो दवाखान्यात असतानाच धोंडूबाईने घरी हाय खाल्ली. प्राण जाताना जयवंताचं मनगट धरून म्हणाली, "माज्या पोराला सांग, आई तुजी वाट बगत गेली."

वाल्मिक घरी आला. माणसं ओळखायचा, स्कूटर चालवायचा, लग्नात कोण रुसलं होतं तेही सांगायचा. पण आत्ता जेवलो का, हे त्याला ठाऊक नसायचं. ओटीवर बसला आणि म्हणाला, "आई कुठं हाय गं?"

जयवंताने सांगितलं. सासूचा निरोपही सांगितला. वाल्मिकने भिंतीवर डोकं आपटलं. "कदी? मला कोणी कसं नाय सांगितलं?" रडून रडून दमला, पाणी प्यायला, अंगणाकडे बघत बसला. मग मान वळवून म्हणाला, "आई कुठं हाय गं?"

तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. पाढे घोकून पाठ होतात, तसं हेही कधीतरी त्याच्या डोक्यात बसेल, असं तिला वाटत होतं. आई गेल्याचं लेकाला माहीत नसावं, हे तिला पटतच नव्हतं. आणि प्रत्येक वेळी वाल्मिक पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ओरडायचा.

"वैनी, कशाला छळतीस त्याला?" धाकटा दीर दत्ता म्हणायचा. "आई शेलूला मावशीकडं गेलीय म्हणायचं. हाय काय त्यात?" तो तसंच सांगायचा. वाल्मिक हसून मान डोलवायचा.

पावसाळा सरता सरता वाल्मिक तिच्या हातचं ताट घेईना. ती जवळ आली की भिंतीकडे सरकायचा. का, ते त्यालाही सांगता येईना.

ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "दिवसभरात जे घडतं ते आधी मेंदूच्या आत खोलवर एका लहानशा भागात जुळतं. मग हळूहळू, झोपेतसुद्धा, बाकीच्या मेंदूत पक्कं होत जातं. हवा मिळाली नाही की तोच भाग आधी मरतो. जुनं पक्कं झालेलं राहिलंय, नवं काही टिकणार नाही."

"मग मला का भितो?"

"भीती साठवायची जागा वेगळी, ती शाबूत आहे. काय ऐकलं ते पुसलं जातं, पण कोणाकडून दुखलं ते राहतं." मग डॉक्टरांनी विचारलं, "वाईट बातमी त्याला कोण सांगतं?"

"मीच," जयवंता म्हणाली.

घरी येऊन तिने पदर सारखा केला, तोंडावर हसू आणलं आणि म्हणाली, "आई शेलूला गेल्यात, मावशीकडं."

वाल्मिक तिच्याकडे बघत राहिला. "खोटं बोलतीस. आईला कायतरी झालंय. तुज्या तोंडाकडं बगूनच कळतंय." तो ओरडत दत्ताच्या खोलीत पळाला. त्या दिवसापासून त्याचं अंथरूण तिकडेच पडलं.

एकदा कपडे वाळत घालताना तिच्या कानावर आलं. वाल्मिक दत्ताला विचारत होता, "जयवंतानं मला मारलंय का रं कदी?"

"हां, लई मारलं," दत्ता हसत म्हणाला. "जा, आता जेवून घे."

जयवंता ओलं धोतर हातात धरून उभी राहिली. वाल्मिक आत गेला, जेवला, ते विसरूनही गेला.

आता ती कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये चादरी धुते आणि तिथेच राहते. सुट्टीला घरी आली की मागच्या दाराने दत्ताच्या बायकोच्या स्वयंपाकघरात शिरते, भाकरी थापते आणि ताट जावेच्या हाती देते. वाल्मिक ओटीवर पोटभर जेवतो. त्याचं जेवण होईपर्यंत ती चुलीपाशी बांगड्या कोपरापर्यंत वर सारून बसते, आवाज होऊ नये म्हणून.