पडद्यामागची मोटर

जस्टिना माझी मोठी जाऊ. आमच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत स्पॅनिश बोलायची पुरुषांनी. बायकांनी घरातली जर्मन सांभाळायची. मेक्सिकोत जन्मून म्हाताऱ्या झालेल्या कित्येकींना शहरात गेलं तर मीठसुद्धा मागता येत नाही.

माझा थोरला दीर फ्रान्झ विहिरीच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करायचा. म्हणजे बोलायचा तो आणि कॉइल भरायची जस्टिना. मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. गिऱ्हाइकं यायची, जस्टिना हातवारे करायची, गिऱ्हाइकं मोटर उचलून शहराकडे चालू पडायची. दुकान बसत चाललं.

"मी स्पॅनिश शिकते," जस्टिना म्हणाली. "दुकानात मीच उभी राहणार."

पंप बसवणारा मेक्सिकन लिब्रादो शिकवायला तयार झाला. परक्या पुरुषासमोर एकटीने बसायचं नाही, या अटीवर धर्मोपदेशक इसाकनी परवानगी दिली. सोबतीला मला बसवलं. मी आपली सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचे.

आवाज खालून येतो का? पाणी ओढतो पण चढवत नाही. मोटर जळलेली नाही, बेअरिंग झिजलंय. कॉइलचं वार्निश ओलं आहे, उद्या न्या. अशी वाक्यं जस्टिना कणीक मळताना घोकायची, गाईला घास टाकताना घोकायची. नवऱ्याला भरवताना तर त्यालाच विचारायची, "आवाज खालून येतो का?" बिचारा मान हलवायचा.

"सेन्योरा, तुम्ही माझ्यावर चिडल्यासारखं बोलता," लिब्रादो एकदा म्हणाला.

"कोरड्या विहिरीत पंप चालवता तुम्ही. चिडू नको तर काय ओवाळू?"

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिने जुळवलं होतं, तेही स्पॅनिशमध्ये. लिब्रादो खो खो हसला, आम्ही दोघीही हसलो. ते हसणंच नडलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी ऐकलं आणि इसाकच्या कानावर घातलं.

इसाक घरी आले. कॉफी प्यायले, पाव खाल्ला, मग हळूच म्हणाले, "हाताला गुण आहे तुझ्या, जस्टिना. काम तूच कर. पण पडद्यामागे. बोलायला दीडरिखला उभा कर."

दीडरिख म्हणजे माझा नवरा. जन्मभर गाई पिळल्या त्याने! स्पॅनिश येते ती दुधाचा भाव करण्यापुरती. आता जस्टिनाने घोकलेली वाक्यं त्याला शिकवायची, वर पडद्याआडून पुटपुटायची. मला संताप आला. तिला आला नसेल? ती नुसती म्हणाली, "दुकान तरी चालेल."

"हळू सांग गं वहिनी," हा दर वाक्याला पडद्याकडे वळून म्हणायचा. गिऱ्हाइकं मिशीत हसायची.

एके दिवशी मी दुकानात बाकावर बसले असताना एक शेतकरी मोटर घेऊन आला. त्याचा मका सुकत होता. जस्टिनाने मोटर आत नेली, उघडली, तपासली आणि पडद्याआडून सांगितलं. दीडरिखला त्यातलं 'जळली' एवढंच कळलं. तो म्हणाला, "जळली. नवी घ्या."

आतून ती पुन्हा पुटपुटली, मग पुन्हा. पडदा तिने मुठीत घट्ट धरला होता.

"हो हो, जळली," दीडरिखने तेच सांगितलं. त्या माणसाचा चेहरा उतरला.

मला राहवलं नाही. "जळलेली नाही!" मी बाकावरून ओरडले, चक्क स्पॅनिशमध्ये. "बेअरिंग झिजलंय. उद्या न्या, पाणी चढेल."

शेतकऱ्याने माझ्याकडे बघून टोपी काढली.

दीडरिख घरच्या भाषेत म्हणाला, "तुला काय गं येतं त्यातलं?"

"सगळं येतं. तिच्याबरोबर बसून शिकले."

मोटर दुसऱ्या दिवशी चालू झाली, मका वाचला. त्याच संध्याकाळी इसाक पुन्हा आले, पुन्हा कॉफी प्यायले. आता दुकानात दीडरिख एकटाच उभा असतो आणि पडद्यामागे आम्ही दोघी.