नर्सिंगचा फॉर्म

नाताळच्या करंज्या तळत होते. तेवढ्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘येत्या वर्षी जग उलथंपालथं होणार, शेवट जवळ आला.’ डोकंच फिरलं माझं. हेच भाकीत मी नांदुऱ्याच्या घरी, याच तुपाच्या वासात ऐकलं होतं.

तेव्हा नवं शतक लागणार होतं. बाहेरगावच्या चर्चचे पाळक आमच्याकडे बसून करंज्या खात होते. मिशीला खोबरं लागलेलं. माझा नर्सिंगचा फॉर्म पाहून ते बाबांना म्हणाले, “पुढचं वर्ष पाहायला जगच राहणार नाही, आणि तुम्ही पोरीला शिकवायला निघालात?” मी भीतीनं रडायला लागले. बाबांनी फॉर्म जाळायला चुलीकडे नेला.

आईनं तो त्यांच्या हातातून ओढला. “प्रभू येईन तवा येईन. माही पोरगी आजारी माणसाजवळ दिसू द्या त्याले, चुलीमागं रडत बसलेली नाई.” मग तिनं पाळकांसमोरचं ताट उचललं.

मी नर्स झाले, आता केसही पिकले. मेसेजखाली सगळे ‘आमेन’ लिहिताहेत आणि माझा संताप होतोय. पण त्याहून जास्त चीड मला माझीच येते. त्या दिवशी मला आईची लाज वाटली होती, आणि डोळे मिटून मी देवाकडे तिच्यासाठी क्षमा मागितली होती.