नृसिंह गुरुजींची डिजिटल डायरी

अकोले गावात एसटी स्टँडसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आता घड्याळं दुरुस्त करायला येतंय कोण, म्हणून रेडिओ, टीव्हीचे रिमोट, इमर्जन्सी लाइट, जे येईल ते मी उघडतो. नाव कानिफनाथ. कानिफ गिऱ्हाइकाला आधी झापतो आणि मग सेल बदलून देतो, असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. नृसिंह गुरुजींशी मात्र मी तीस वर्षांत एकदाही आवाज चढवून बोललो नाही. एकदा चढवायला हवा होता. तेव्हाही गप्प बसलो, ते अजून मला खातंय.

गुरुजींचं वय एकोणसत्तर. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा अनीश पुण्यात नोकरीला. गुरुजी एकटे राहायचे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे आणि खवचट बोलायचे. सत्यनारायणाला यजमान मोबाईलवर बोलत बसला तर म्हणायचे, "तुमचं होऊ द्या, देवाला आज दुसरं काही काम नाही." अख्ख्या तालुक्याच्या तिथी त्यांच्या डोक्यात होत्या. बाप कधी गेला हे पोराला आठवायचं नाही, गुरुजींना आठवायचं. गावातली माणसं आपणहून फोन करून तिथी विचारायची, त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. पण भंडारदऱ्याच्या अंगाला डोंगरात अकरा घरं अशी होती, की तिथून बोलावणं कधी यायचंच नाही. मागे एखादी म्हातारी उरलेली, नाहीतर अपंग भाऊ. या घरांना बोलावणं पाठवावं लागू नये, तिथीला आपण आपलं दारात उभं राहावं, असं गुरुजींच्या वडिलांनी ठरवलं होतं. गुरुजींनी ते चाळीस वर्षं पाळलं. पावसात पाळलं, तापात पाळलं, बायको दवाखान्यात असतानाही पाळलं.

गेल्या पौषात एके दुपारी ते दुकानात आले आणि माझं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच भिंतीवरची घड्याळं बघत बसले. मग म्हणाले, "कानिफ, पूर्वी ते एक यंत्र मिळायचं ना रे, खिशात ठेवायचं? तारीख घातली की त्या दिवशी वाजायचं?"

"डिजिटल डायरी? गुरुजी, आता ते सगळं मोबाईलमध्ये असतं. आणा इकडे, घालून देतो."

"मोबाईल नको. महिन्यातून एकदा अनीश येतो आणि तो सबंध उघडून बघतो."

"बघू द्या की."

त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मार्गशीर्षात एका घरी मी दोनदा गेलो. आठ दिवसांच्या अंतरानं. त्यांनी चहा दिला, हसले. मीही हसलो. जुनं सगळं आठवतं रे, चाळीस वर्षांपूर्वीचं गोत्रसुद्धा आठवतं. पण काल कुठे गेलो होतो आणि उद्या कुठे जायचंय, हे पाण्यात टाकलेल्या मिठासारखं झालंय. अनीशला कळलं तर तो मला पुण्याला नेऊन बसवील. मग ही अकरा घरं कोण करणार?"

मी एवढंच म्हणालो, "वय झालं की व्हायचंच."

माझ्या खालच्या खणात तीन डिजिटल डायऱ्या पडून होत्या. एके काळी बँकेतले साहेब आणि विमा एजंट त्या खिशात घालून मिरवायचे. मोबाईल आले, आणि दुरुस्तीला टाकलेल्या डायऱ्या न्यायला कोणी फिरकलंच नाही. मी तिन्ही पुसून, सेल घालून काचेवर ठेवल्या. एकीची बटणं मोठी होती, पण पडद्यावर मधोमध काळी रेघ. दुसरीला बटणं नव्हती, पडद्यावर काडीनं टोचायचं. गुरुजींनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "काडी मी पहिल्याच दिवशी दर्भात हरवीन." तिसरी तळहाताएवढी, झाकणाची, बटणं वाटाण्याहून लहान. मग त्यांनी तिन्हींचे गजर ऐकले. नुसते नाही, पळी-पंचपात्राच्या पिशवीत घालून, वर उपरणं टाकून ऐकले. तिसरीचा आवाज त्यांनाच जेमतेम आला.

"ही दे."

"अक्षरं फार बारीक आहेत, गुरुजी."

"बारीकच बरी. दुसऱ्याला वाचता यायला नकोत."

पुढे आठ दिवस ते रोज दुपारी येऊन माझ्या स्टुलावर बसायचे आणि शिकायचे. यंत्रात इंग्रजी अक्षरंच होती. एकेक बटण शोधायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं, बोट जरा सरकलं की भलतंच दाबलं जायचं. दुसरा कोणी असता तर मी हाकलून दिला असता. गुरुजी मात्र स्वतःवरच चिडायचे. "पालथ्या घड्यावर पाणी रे कानिफ," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "एकदा घातलं की दर वर्षी आपोआप वाजेल असं करता येतं?"

"येतं की. इथे वर्षाचा गजर आहे. एकदा घाला, मग बघायला नको."

त्यांचा चेहरा खुलला. पिशवीतून त्यांनी गेल्या वर्षीचं खिशातलं पंचांग काढलं. त्याच्या कडेला कोणत्या दिवशी कोणत्या घरी गेलो, हे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. त्या टिपणांसमोरची इंग्रजी तारीख बघायची आणि ती यंत्रात घालायची, असं त्यांचं सुरू झालं. मी समोर बसून एका गजराच्या घड्याळाचं झाकण लावत होतो आणि हे बघत होतो.

इथेच मी बोलायला हवं होतं. तिथी दर वर्षी तारखेच्या मागेपुढे सरकते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दिवाळी काय दर वर्षी एकाच तारखेला येते? मला ते त्याच क्षणी खटकलं. पण ज्या माणसानं माझ्या बापाचं दिवसकार्य केलं, माझ्या लेकीचा मुहूर्त काढला, त्यांना तिथी म्हणजे काय हे मी घड्याळजीनं शिकवायचं? म्हटलं, त्यांनी काहीतरी हिशेब बसवला असेल, आपण उंटावरचं शहाणपण कशाला पाजळायचं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मी बोललो असतो आणि त्यांच्या डोळ्यांत ते कळल्याचं दिसलं असतं, तर मला ते बघवलं नसतं. म्हणून मी स्क्रू पिळत बसलो.

तेवीस फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता गुरुजी माझ्या घरी आले. सोमवार, दुकान बंद. अंगावर धुतलेलं धोतर, खांद्याला पिशवी, आणि चेहरा असा आनंदी, की कितीतरी दिवसांत तसा पाहिला नव्हता.

"वाजली रे! सहा वाजता बरोबर वाजली. गुडघा धरलाय, एसटी नको वाटते. गाडी काढतोस?"

"कोणाकडे जायचंय?"

"दगडाबाईकडे. तिच्या भीमाची तिथी."

दगडाबाईला मी ऐकून ओळखत होतो. शेंडी गावाच्या पुढे डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथली. नवरा आधीच गेलेला. एकुलता एक मुलगा भीमा एकोणीस वर्षांपूर्वी घाटात जीप उलटून गेला, लग्नसुद्धा झालं नव्हतं. श्राद्ध करायला घरात पुरुष नाही, भावकीनं हात वर केले. तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं, तुमच्या वतीनं मी करतो, आणि ते दर वर्षी करत आले. तिथी कोणती हे मला ठाऊक नव्हतं. रस्ताभर गुरुजी मागे बसून त्या यंत्राचं कौतुक करत होते.

पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. पंच्याहत्तरीची असेल, सुकलेली, ताठ. गुरुजींना बघून सूप खाली ठेवलं आणि क्षणभर तशीच थांबली.

"या गुरुजी," ती म्हणाली. "बसा. वाईच येळ द्या मला."

मला चुकल्यासारखं वाटलं. दर वर्षी न बोलावता ज्या दिवशी गुरुजी येतात, त्या दिवशी अंगण सारवलेलं नको? चूल पेटलेली नको? ती आत जाऊन आता तांदूळ निवडत होती. शेजारणीकडून दूध मागून आणलं. गुरुजी ओसरीवर बसून शांतपणे दर्भाचं पवित्रक वळत होते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

तासाभरानं सगळी मांडामांड झाली. गुरुजींनी आचमन केलं, हातात पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. संकल्पात आज कोणता महिना, कोणता पक्ष, कोणती तिथी, हे तोंडानं सांगावं लागतं. हा पाठ ते रोज पहाटे पंचांग बघून संध्येला म्हणतात, पन्नास वर्षं म्हणत आलेत. जीभ आपसूक चालली होती.

"फाल्गुनमासे शुक्लपक्षे षष्ठ्यां तिथौ..."

आणि थांबले.

हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग दगडाबाईकडे.

"म्हना की पुढं," ती हळूच म्हणाली.

"भीमाची तिथी माघ वद्य दशमी," गुरुजी म्हणाले. "शिवरात्रीच्या आधी चार दिवस. शिवरात्र झाली. मी स्वतः देवळात अभिषेक केला." मग पिशवीतून यंत्र काढून त्यातली गेल्या वर्षीची तारीख बघितली. "दगडाबाई, अकरा दिवस झाले. तिथी गेली."

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आईला ठाऊक नसंल व्हय? त्या दिशी सारवलं, सैपाक केला, दिवस मावळस्तवर वाटंकडं बघत बसले. मग म्हनलं, गुरुजींना बरं नसंल. कावळ्याला माजं मीच घातलं."

"मग आज मी आलो तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी एवढं लांबून आलात," ती म्हणाली. "आनि हसत आलात."

माझी मान वर होईना. मला सगळं तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं, की मला दिसत होतं, मी मुद्दाम बोललो नाही. शेवटी सांगितलंच. गुरुजी रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर त्या दिवशी मला समजलं असतं, कानिफ. आज समजलं. एवढाच फरक." त्यांनी पवित्रक बोटातून काढून ताम्हनात ठेवलं.

"राहिलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं," ते दगडाबाईला म्हणाले. आवाज आता सरळ होता, यजमानाला सांगताना असतो तसा. "शास्त्र आहे. मी संगमनेरच्या एका तरुण गुरुजींना सांगतो. चांगला मुलगा आहे, मोटारसायकल आहे त्याच्याकडे. बाकीची दहा घरंही त्यालाच लिहून देतो."

"मला दुसरा नगं."

"दगडाबाई..."

"त्यानं माज्या भीमाला बघितलं हाय का? तुमी बघितलंय. त्याच्या बापाच्या तिथीला यायचात, तवा तुमच्या पिशवीतलं खोबरं पळवायचा त्यो. तुमीच या. दिस म्या ध्यानात ठिवते, शेंडीच्या पोराकडनं फोन लावते. तुमी निस्तं या."

गुरुजींनी विचारलं, आणि इतक्या सरळ विचारलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आणि पुढच्या माघात मला तुम्हीच आठवला नाहीत तर? तुम्ही कोण, भीमा कोण, हेच आठवलं नाही तर?"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. ताटातल्या खिरीकडे बघत राहिली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि गुरुजींनाही खोटं नको होतं.

"मंग म्या सांगंन तुमाला," ती म्हणाली. "पयल्यापासनं सांगंन. बसून ऐका."

गुरुजी रडले. मोठ्यानं, हुंदके देऊन, ओसरीवर माझ्यासमोर रडले. दगडाबाई उठली, तिनं खिरीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि खाऊन घ्या म्हणाली, कारण सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.