अंगात रग

हे कोणी मानणार नाही. मानू नकाच, लगेच मानणाऱ्यांना गोष्ट सांगण्यात काय मजा? पण गडहिंग्लजच्या मैनाकाकूंना भर दुपारी, स्वयंपाकघरात, गेल्या पावसाळ्यात वारलेला नवरा भेटतो, आणि जाताना पुरावा ठेवून जातो.

आज संध्याकाळी रंगपंचमीची बायकांची रस्सीखेच. गल्लीच्या संघाचे शर्ट काकूंनी घरीच छापायला घेतलेत. दिगंबरकाका होते तेव्हा छपाई त्यांची. चौकटीवर जाळी ताणायचे ते, तिच्यात अक्षरांपुरती भोकं मोकळी ठेवायचे ते, रबरानं शाई ओढायचे ते. काकूंनी शर्ट पुढे सरकवायचा आणि वाळत घालायचा. या खेपेला सगळं एकटीनं. संघाची म्होरकी तायक्का, अंगानं दांडगी, तिनं दोनदा विचारलं होतं, “काकू, नक्की ना?” दोनदा विचारणं म्हणजे काय, ते काकूंना कळतं.

पांढरे शर्ट, डाळिंबी शाई, शब्द दोनच: अंगात रंग.

जाळीवर शाई ओतली, तोच नणंदेचा फोन आला. काकू बोलत राहिल्या, तोवर उन्हाच्या झळेनं टिंबाच्या एवढ्याशा भोकात शाई सुकून बसली. शेवटचा शर्ट छापून वर बघतात, तर दोरीवर ओळीनं ‘अंगात रग’. ‘रंग’वरचं टिंबच गायब. रग म्हणजे मस्ती, माज. पोरींना हे घालून मैदानात उभं करायचं? गावभर हसं होणार, आणि म्हणणार काय, तर काका गेले आणि छपाईही गेली. शेवटचा शर्ट टेबलावरच राहतो, काकू तिथंच डोकं टेकतात. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे.

मिटतात न मिटतात तोच रबर ओढल्याचा आवाज. सर्रर.

समोर काका. अंगात तोच शाईनं बरबटलेला बनियन.

“अहो, वर साबण मिळत नाही होय?”

“मिळतो. शाईचा डाग साबणानं जातो, हे तुला कोणी सांगितलं?”

काकूंना रडू यायला हवं. येते लाज. त्या पदरानं दोरी झाकू बघतात. पदर पुरत नाही, कारण दोरीचं एक टोक ओट्याला आहे आणि दुसरं खिडकीतून निघून पार मैदानापलीकडे गेलंय. मैदानही आता चुलीपासूनच सुरू होतं. शर्ट तसेच ओळीनं, फक्त त्यांत आता बायका आहेत, आणि दोरी त्यांच्या हातात.

काका मान तिरकी करून वाचत निघतात. शिरोरेषा केसभर तुटली म्हणून लग्नाच्या सगळ्या पत्रिका चुलीत घालणारा हा माणूस! त्या घाईनं शाईत बोट बुडवतात.

“एकेक टिंब देते, अहो. कोणाला कळणार नाही.”

काका मनगट धरतात. हात थंड नाही, नुसता चिकट. “मला कळेल. बोटानं लावतात ती टिकली. ती छपाई नव्हे.”

“मग फाडू सगळे?”

“आधी वाच.”

“अंगात रग.”

“मोठ्यानं!”

“अंगात रग!”

बायकांना ते ऐकू जातं. टाचा मातीत रुततात, दोरी ताणते, आणि पलीकडचा अख्खा संघ ओढला जातो. त्यांच्यामागून एस.टी. स्टँडसुद्धा सरकत येतं. कंडक्टर घाबरून डबल बेल मारतो.

काका पोट धरून हसतात. “जन्मभर टिंबं सांभाळली गं मी. असं झकास एकदाही चुकलो नाही.”

“टोचून बोलताय?”

“जळतोय.” ते एका शर्टावर वाकतात. “आणि ही अक्षराची कड बघ. एका ओढीत छापलंयस. मला दोनदा ओढावं लागायचं.”

ही गोष्ट या माणसानं जिवंतपणी कधी कबूल केलेली नाही. काकूंची मान अशी ताठ होते की स्टँडच्या छपराला लागते.

“काकू! दार उघडं टाकून झोपताय व्हय?”

दारात तायक्का. तिची नजर दोरीवर. तोंड उघडतंय. काकूंना गाल चिकट लागतो, त्या बोट लावून बघतात. डाळिंबी. मग काय विचारता!

“टिंब गेलं नाही, काढलंय,” काकू ताडकन उठून सांगतात. “तुझे काका आले होते आत्ता. म्हणाले, रंग काय, कोणालाही लागतो. आमच्या पोरींच्या अंगात रग आहे, तीच लिही. खोटं वाटतंय? हे बघ, जाताना माझ्या गालावर स्वतःच्या हातानं छापून गेले.”

तायक्का काकूंची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवते. बराच वेळ वाचते. मग दोरीवरचा एक शर्ट ओढते, डोक्यातून घालते, आणि आतूनच तिचा आवाज येतो:

“काकांनी छापलं असतं तर सुलटं छापलं असतं! अक्षरं उलटी हायत. ओल्या शर्टावर गाल टेकून झोपलायसा तुम्ही!”