हरवलेल्या मुलीचा आवाज

मी डबिंग करते. अंधेरीच्या एका स्टुडिओत काचेमागे उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडी मराठी घालायची, हे माझं काम. मध्यंतरी गुन्हेगारीवरची एक हिंदी मालिका आमच्याकडे आली. नायक एकेकाळचा वकील. त्यानं सोडवलेल्या आरोपीनंच पुढे एक मुलगी पळवलेली. तेव्हापासून वकिली सुटली, दारू लागली, आणि आता तो तिला शोधत फिरतोय. मुलगी पडद्यावर दिसतच नाही. तिचे फोनवरचे जुने निरोप तेवढे तो पुन्हा पुन्हा ऐकतो. तो आवाज माझा होता.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत समोरच्या घरात एक काकू एकट्या राहतात. मूळच्या मालवणकडच्या. त्यांची मुलगी कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नाही. मी इथं राहायला येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. मला खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितली. काकू स्वतः कधी बोलल्या नव्हत्या.

मालिका सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्या दारात आल्या. मला वाटलं, विरजण हवं असेल. पण टीव्हीवरची ती मुलगी तूच बोलतेस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"मग 'ऐक गो' कुणी लिहिलं?"

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बघितलं, तर लिहिलेला निरोप थेट 'आई, मला उशीर होईल' असा सुरू होत होता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्याआधी, अगदी हळू, माझ्याच आवाजात 'ऐक गो' होतं. मी नाशिकची. माझ्या तोंडात 'गं' येतं, मालवणकडचं 'गो' कधीच नाही. रेकॉर्डिस्ट म्हणाला, गोड वाटलं म्हणून ठेवलं. मला तर ते म्हटल्याचं आठवतही नव्हतं.

काकूंना जाऊन सांगितलं. त्यांची मुलगी फोनवर बोलायला अशीच सुरुवात करायची, एवढंच त्या म्हणाल्या. मग मला समोर बसवलं.

"एकदा बोल. 'मी पोचले' एवढंच."

नको वाटत होतं, पण नाहीही म्हणवेना. मी म्हटलं, "ऐक गो, मी पोचले."

"कुठं आहेस?" त्यांनी लगेच विचारलं. मला नाही, तिला.

"इथंच."

हे मी ठरवून बोलले नव्हते. काकूंनी मात्र शांतपणे मान हलवली आणि त्या चहा टाकायला उठल्या.

शेवटच्या भागात वकिलाला ती मुलगी सापडते, आरेच्या झाडीत, मेलेली. डबिंग झालेलं असल्यामुळे मला ते ठाऊक होतं. काकूंना अचानक दिसू नये म्हणून मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. "दारुडा असला तरी शोधत तर होता," त्या म्हणाल्या.

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला, त्या स्वतःच्या घराला कुलूप लावून माझ्याकडे आल्या. मी टीव्ही लावला नाही. आम्ही दोघी भिजवलेले वाल सोलत बसलो. थोड्या वेळानं समोरच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू यायला लागलं.

"काकू, टीव्ही चालू राहिला का तुमचा?"

"तिला बघायचं असेल," त्या म्हणाल्या आणि सोलत राहिल्या.

भाग संपला तसा पलीकडचा टीव्ही बंद झाला. काकू माझ्यासमोरच बसलेल्या होत्या.