वासंतीबाईंचा काळा चष्मा

डोंबिवलीत त्या काळी काळा चष्मा लावून फिरणारी बाई एकच होती, वासंतीबाई आठल्ये. फिकट रंगाचं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, बोटाला धरलेली त्यांच्या वर्गातली नऊ वर्षांची हेमा आणि नाकावर तो गोल काळा चष्मा. ऊन असो की आभाळ, सकाळी स्टेशनाकडे निघालेल्या बाईंचे डोळे कुणाला दिसायचे नाहीत.

असली गोष्ट फुकट दवडायची गावाला सवय नाही. कुणी म्हणे, डोळा तिरळा आहे. चाळीतल्या बायकांचं मत, नवऱ्यानं टाकलेली बाई, रडून रडून डोळे गेले असणार. पोस्टातल्या एका शहाण्यानं तर ती गुप्त पोलिसांत असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. बाईंना सरळ विचारावं, असं मात्र एकाच्याही मनात आलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं तर संध्याकाळी ओट्यावर बोलायचं काय?

खरं कारण सांगायचं तर आधी बाईंचा संशय सांगितला पाहिजे. गावानं बाईंवर घेतला तो नव्हे. बाईंनी जगावर घेतला तो.

बाई जन्मतः संशयी नव्हत्या. उलट इतक्या भोळ्या, की पाच वर्षं नवऱ्याला ऑफिसातून उशीर का होतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. गिरगावात दोन खोल्यांत संसार. विश्रामराव सकाळी डबा घेऊन जात, रात्री रिकामा डबा घेऊन येत. सेहेचाळीस सालच्या एका संध्याकाळी बाई डबा घासायला बसल्या आणि त्यात एक वाटी निघाली. पितळेची, कल्हई लावलेली, नवीकोरी. आपल्या घरात प्रत्येक भांड्यावर नाव घालतात, तसं हिच्यावरही होतं: सौ. शकुंतला विश्राम आठल्ये.

आडनाव तेच, नवरा तोच, बायको मात्र दुसरी. बाईंनी वाटी स्वच्छ घासली, पदराला पुसली आणि ती घेऊन दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला भावाकडे आल्या त्या कायमच्या. पुढे त्या मास्तरीण झाल्या आणि मंदबुद्धी मुलांना शिकवायचं खास शिक्षणही मुंबईला जाऊन घेतलं. ती वाटी त्यांनी टाकली नाही. त्यात त्या खडू ठेवत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई ताक फुंकत, पाणी फुंकत आणि रिकामा पेलाही फुंकून बघत. भावजयीनं लोणचं वाढलं की बरणीची पातळी बघत. शेजारीण गोड बोलली की हिचं काय काम असेल, याचा हिशेब मनात सुरू. आणि खोटं सांगायचं नाही, शंभरातले साठ वेळा त्यांचा संशय खरा ठरे. हाच तर घात होता. दर वेळी चुकला असता, तर सुटला तरी असता.

ठाण्याला तळ्याकाठच्या एका जुन्या बंगल्याच्या पडवीत बालमानस मंडळाचा वर्ग भरायचा, मास्तरीण आपल्या वासंतीबाई. मुलं बारा. लोक त्याला खुशाल 'वेड्यांची शाळा' म्हणत. मंडळाचे अध्यक्ष अण्णा, निवृत्त वकील, मनानं चांगले पण कलमांवर जगणारे. मंडळाचं कलम असं की वर्षभरात मुलाची प्रगती दिसली नाही, तर जागा दुसऱ्याला द्यायची. बाहेर तीस जण वाट बघत होते.

बावन्न सालच्या श्रावणात हेमा वर्गात आली. बोलायची नाही. बोलावलं तर बघायची, बघायची, नुसती बघतच राहायची. वडील वारलेले, आई सुहासिनी डोंबिवलीतच दिराच्या घरात दिवस काढत होती. दीर हरिहरपंत. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना बजावलं, "हे बघा, वर्षभर मी थांबतो. मंडळानं नाही म्हटलं की देशावरच्या आश्रमात पाठवायची. माझ्या मुलीचं लग्न करायचंय मला. घरात वेडी पोर आहे म्हटल्यावर कोण करून घेणार तिला?"

सुहासिनी दाराबाहेर उभी होती. दीर पुढे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई, तिला पाठवली तर मी तिला पुन्हा बघणार नाही. एवढ्या लांब मला कोण नेणार?"

बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. एक वर्ष.

त्यांनी पुठ्ठ्याचे दहा चौकोन कापले आणि त्यांवर गेरूनं ठिपके काढले, एक ते दहा. चटईवर ते पसरायचे आणि म्हणायचं, "हेमा, सात दाखव." पहिले चार महिने काही नाही. मग नाताळाच्या सुमारास हेमाचा हात हलू लागला. एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर हळूहळू फिरायचा आणि नेमका सातावर येऊन थांबायचा. होळीपर्यंत ती दहाच्या दहा बरोबर दाखवू लागली. बाईंनी अहवालात लिहिलं, 'आकडे येतात.' अण्णांनी शेरा मारला, 'समाधानकारक.'

दुसरी एखादी बाई पेढे वाटून मोकळी झाली असती. आमच्या बाईंना संशय आला. इतक्या लवकर? आई घरी पढवते की काय? सुहासिनीला उलटसुलट विचारून झालं. तिला पुठ्ठ्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मग गंगुबाई तर दारातून खुणा करत नसेल?

गंगुबाई वर्गातली दाई. डोंबिवलीजवळच्या कोपर गावची, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. मुलांना आणायची, पोचवायची, त्यांची शी-शू काढायची आणि सरकारातून येणारी दुधाची भुकटी कालवून पाजायची. बाईंचा तिच्यावर डोळा आधीपासून होताच, कारण भुकटीचा डबा पंधरा दिवस पुरायचा तो अकरा दिवसांत संपत होता. बाईंनी डब्यावर आतून पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली. रेघ रोज खाली जात होती.

मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. गंगुबाई दुधाचा पेला घेऊन आली की हेमा अंग आखडून घ्यायची. आधी बाईंकडे बघायची, मग गंगुबाईकडे, आणि सरकत सरकत बाईंच्या पदराआड जायची. एकदा नाही, रोज. मुकी पोर, सांगणार कुणाला? ही बया चिमटे काढत असणार!

त्या तडक अण्णांकडे गेल्या. भुकटीचं सांगितलं, पोरगी भेदरते ते सांगितलं. अण्णांनी पडवीत येऊन स्वतः बघितलं. गंगुबाई आली, हेमा आखडली. डोळ्यांदेखतचा पुरावा. चैत्रात गंगुबाईला काढलं. जाताना ती भांडली नाही की रडली नाही. तिनं बाईंकडे एकदा बघितलं आणि पदर खोचून चालती झाली. भांडलीसुद्धा नाही, म्हणजे खरंच असणार, असं बाईंना वाटलं. संशयाची पोळी अशी दोन्ही बाजूंनी भाजता येते.

आषाढात गावभर डोळे आले. बाईंचेही आले, लाल टम्म. डॉक्टरांनी औषध घातलं आणि आठ दिवस काळा चष्मा लावायला सांगितला. मुलांची वर्षभराची प्रगती बघणाऱ्या मंडळाच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते, तेव्हा रजा घेणं शक्य नव्हतं. मुलांना लागण होईल म्हणून बाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि तिथून म्हणाल्या, "हेमा, सात दाखव."

हेमानं हात पुढे केला. बाईंकडे बघितलं. हात फिरत राहिला, फिरत राहिला, थांबेचना. शेवटी तिनं तीनावर बोट ठेवलं. "पाच दाखव." नऊ. "दोन?" सहा. दहांपैकी एक बरोबर आलं, तेही देवाच्या कृपेनं.

बाईंचा संशय जागा झाला. हरिहरपंतांनी पोरीला काही खायला घातलं का? परीक्षेच्या तोंडावर धाक घातला का? अंतर जास्त झालं असेल म्हणून त्या जरा पुढे सरकल्या. पुन्हा चूक. वैतागून त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि त्याच जागेवरून म्हणाल्या, "हेमा, बाळा, सात."

हात फिरला. सहावरून पुढे गेला आणि सातावर थांबला.

बाईंनी चष्मा चढवला. चूक. काढला. बरोबर. चढवला. चूक. पोर पुठ्ठ्यांकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. हात बरोबर जागी आला की बाईंच्या कपाळावरची आठी सुटत होती, डोळे निवत होते, आणि तेवढ्यावर ती थांबत होती. इतके महिने बाईंनी सगळ्या जगाला तपासलं आणि खुणा करणारी बाई स्वतःच निघाली.

आकडे येत नाहीत. अहवाल खोटे. परीक्षेच्या दिवशी चष्मा काढून समोर बसलं की पोरगी पास, हे अगदी उघड होतं. कुणाला कळणार होतं? तेवढ्यात खडूच्या वाटीवरच्या त्या नावाकडे त्यांचं लक्ष गेलं; फसवणारी बाई आपण व्हायचं नाही. आणि मागून दुसरी गोष्ट आली, पहिलीहून वाईट.

ही पोर आपला चेहरा वाचते. मग गंगुबाई आल्यावर तिनं काय वाचलं?

रविवारी बाई चष्मा लावून, हेमाला घेऊन शेतांच्या बांधावरून कोपरला गेल्या. गंगुबाई अंगणात सुकट निवडत होती. तिनं मान वर केली नाही. बाई दहा पावलांवर उभ्या राहिल्या. हेमानं बाईंकडे बघितलं. काळ्या काचांत वाचण्यासारखं काही नव्हतं. मग ती चालत गेली, गंगुबाईच्या मांडीला टेकून बसली आणि सुकटीत हात घालू लागली.

बाईंना रडू आवरेना. काळ्या चष्म्याखालून गालावर पाणी आलं.

"गंगुबाई, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ती तुम्हाला भीत नव्हती. माझ्या डोळ्यांत जे होतं त्याला भीत होती."

गंगुबाईनं सुकट पाखडली. "मना ठावं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाला सांगून तुमी ऐकनार व्हता का? आनि ती भुकटी. पातल पाजा म्हनलात. त्या दोन बारक्या पोरांची हाडं दिसत व्हती, त्यांना मी घट पाजली. माजे घरी दोन म्हशी हायत बाई, मी तुमची पावडर कशाला नेऊ?"

"परत या."

"चार मान्सांत मना चोर केली. आता चार मान्सांतच सांगा, मंग बगू."

परीक्षेच्या दिवशी पडवीत अण्णा, मुंबईहून आलेले डॉक्टर, हरिहरपंत आणि कोपऱ्यात सुहासिनी. बाई चष्मा लावूनच बसल्या.

"वासंतीबाई, डोळे बरे झाले ना? मग तो चष्मा काढा की," अण्णा म्हणाले.

"नको. आज नको."

दहांपैकी दोन बरोबर आले. हरिहरपंतांनी मांडीवर थाप मारली. "झालं! मी पहिल्यापासून सांगतोय." सुहासिनीनं पदर तोंडात कोंबला. तिच्याकडे बघायचं बाईंना धैर्य झालं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. पुठ्ठे, चेहरा, खोटे अहवाल आणि गंगुबाई. गंगुबाईचं सगळ्यांत शेवटी, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "ती चोर नव्हती, ती मारत नव्हती, आणि मी तिची भाकरी घालवली."

अण्णांचा चेहरा काळवंडला. पण डॉक्टर खुर्ची ओढून हेमाच्या समोर येऊन बसले. त्यांनी पुठ्ठे पसरले. "चार दाखव." हेमानं या नव्या माणसाला न्याहाळलं. पहिल्या तीन वेळा चुकली. मग पुढच्या सातांत पाच बरोबर. डॉक्टर छताकडे बघून विचारू लागले, तेव्हा पुन्हा सगळं चूक.

"मला ही दहा मिनिटांपूर्वी ओळखतही नव्हती," डॉक्टर म्हणाले. "अण्णासाहेब, माझी बायको वीस वर्षांत इतकं शिकली नाही. आकडे येत नाहीत हे खरं. पण हिला काही कळत नाही असं मी लिहून देणार नाही. अजून एक वर्ष द्या."

अण्णांनी वर्ष दिलं आणि बाईंच्या नावावर ताकीदही लिहिली, लाल शाईनं. बाईंनी खाली सही केली. सुहासिनी हेमाला पोटाशी धरून पडवीच्या पायरीवर बसून राहिली. तिला त्या ताकिदीचं काही देणंघेणं नव्हतं.

बारा दिवसांनी गंगुबाई परत आली. बाई दारापर्यंत गेल्या, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि मनापासून आनंदल्या. डोळे पूर्ण बरे झाले होते. चष्मा पिशवीत होता. गंगुबाईनं भुकटीचा डबा उघडला, पेला भरून कालवला आणि हेमाकडे निघाली.

स्वभावाला औषध नसतं. बाईंना काही वाटायच्या आतच त्यांची नजर डब्याकडे गेली. पेन्सिलीची जुनी रेघ अजून तिथं होती. किती कमी झालं?

हेमाचं अंग आखडलं. तिनं बाईंकडे बघितलं, मग गंगुबाईकडे, आणि ती सरकत सरकत बाईंच्या पदराआड आली. गंगुबाई पेला हातात घेऊन जागीच थांबली. ती रागावली नाही. दमल्यासारखी म्हणाली, "बाई, तो काला चष्मा घाला."

बाईंनी पिशवीत हात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. हेमा थोडा वेळ त्या काचांकडे बघत राहिली. मग पदर सोडून गंगुबाईकडे गेली आणि दोन्ही हातांनी पेला धरून दूध प्यायली.