मास्टरांचं सुकं वजन

"कलर मास्टरचा डोळा म्हणजे मिलची इज्जत असते, मॅडम," भास्कर पाटील म्हणाले. मी त्यांना सकाळी काय खाता, एवढंच विचारलं होतं.

मी सुरतेत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. आमच्याकडचे बरेच पेशंट खानदेशातले, पांडेसरा-बमरोलीच्या मिलांत काम करणारे. भास्करराव कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये मास्टर. व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्याशी रंगवलेला लॉट जुळतो की नाही, हे ते डोळ्याने बघतात आणि सही करतात. वय अठ्ठावन्न, डायबेटिस जुना, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. सर्जन म्हणाले होते, आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन. शेठ म्हणाले होते, दिवाळीच्या सीझनआधी डोळा करून घ्या, नाहीतर शेड जुळवायचं मशीन मागवतो.

मास्टरांनी भेस्तानची एक जिम गाठली. तिथल्या ट्रेनरने सांगितलं, दर किलोमागे रोज दोन ग्रॅम प्रोटीन घ्या, साखर आणि वजन दोन्ही उतरेल.

त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. रंगाची रेसिपी लिहितात तसंच. वर 'लॉटचं वजन : १०२ किलो'. खाली 'प्रोटीन : ०.२ टक्के, २०४ ग्रॅम'. त्याखाली सोयाबीन वडी, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, पावडर. प्रत्येकाचं वजन दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. मिलच्या लॅबमध्ये रंग तोलायच्या काट्यावर हे गृहस्थ सोयाबीनच्या वड्या तोलत होते.

"दोन महिन्यांत चार किलो उतरलो. साखर पण उतरली," ते म्हणाले. "पण लघवीत प्रोटीन निघालं. तुमच्या डॉक्टरांनी पावडर बंद केली."

इथे थोडं समजावून सांगते. किडनी ही चाळणी. डायबेटिस जुना झाला की चाळणी ढिली होऊ लागते आणि रक्तातलं प्रोटीन लघवीत गळतं. ते खाल्लेल्या पावडरीमुळेच गळतं असं नाही. पण गळू लागलेल्या चाळणीवर रोज गरजेच्या कितीतरी पट काम टाकणं शहाणपणाचं नाही.

"पावडर बंद केली की साखर चढणार," मास्टर म्हणाले. "साखर चढली की ऑपरेशन गेलं. मग मशीन येणार. हिशोबात चूक असेल तर दाखवा."

"हिशोब बरोबर आहे. वजन चुकलंय."

"काट्यावर घेतलंय वजन."

"मास्टर, लॉटची रेसिपी काढताना कापड ओलं तोलता का?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ओला माल कोण तोलतो? पाण्याला काय रंग द्यायचा?"

"मग चरबीला काय प्रोटीन द्यायचं?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शोभाताई पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघू लागल्या.

"माझं सुकं वजन किती?" मास्टरांनी विचारलं.

मी उंची मोजली. उंचीला शोभेल असं वजन पासष्टच्या आसपास येत होतं. जाड माणसाचं प्रोटीन काढताना आम्ही साधारण हेच वजन धरतो.

"म्हणजे सदतीस किलो पाणी?"

"चरबी. पण हिशोबापुरतं पाणी म्हणा."

किडनी ठणठणीत असेल तर डायबेटिसवाल्याला किलोमागे एक ग्रॅम, वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरला विचारून थोडं जास्तही चालतं. किडनीने कुरकुर सुरू केली असेल तर ०.८ ग्रॅम. पासष्ट गुणिले ०.८, बावन्न ग्रॅम. मी कार्डावर लिहिलं.

"चाळीस केलं तर आणखी सेफ?"

"रंग कमी घातला तर काय होतं?"

"शेड फिकी जाते."

"तसंच. स्नायू उतरतील, वजन कमी झाल्याचा आनंद होईल आणि जिना चढवणार नाही."

साखर चढण्याची भीती मात्र खरी होती. ती माझ्या गुणाकाराने जाणार नव्हती. म्हणून मी विचारलं, "पावडर सुरू केल्यावर काय काय सोडलंत?"

"काहीच नाही. मी कशाला काय सोडू?"

"खोटं," शोभाताई म्हणाल्या. त्या अहिराणीतच बोलत होत्या. "मिलमा नऊ कप चहा पेत. पोट भरेल ऱ्हास म्हनीसन बंद व्हयना. रविवारना लोचो बी बंद."

म्हणजे बंद झाले ते नऊ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. वर रविवारचा लोचो, म्हणजे वाफवलेल्या चणाडाळीचा सुरती नाश्ता, त्यावर शेव आणि तेल. साखर खाली आली ती बरीचशी इथून. प्रोटीनने पोट भरलेलं राहिलं, एवढं श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नव्हती.

"म्हणजे पावडर गेली तरी चालेल, चहा परत यायला नको," मी म्हटलं. "यायचाच असेल तर दोन कप, बिनसाखरेचा."

"बिनसाखरेचा चहा मास्टरला शोभत नाही."

"मशीन चहा पीतच नाही, मास्टर."

मग जेवण लिहिलं. कळण्याच्या दोन भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या. दोन वाट्या वरण, भाजी, दोन अंडी, वाटीभर दही, थोडी शेंगदाण्याची चटणी. बेरीज बावन्नच्या जवळ आली. शोभाताईंनी कार्ड हातात घेऊन वाचलं.

"हाई ते आमनं घरनं रोजनं जेवण शे," त्या म्हणाल्या. "आंडा सोडीसन."

माझ्या शिक्षणाचा त्या घराला झालेला फायदा म्हणजे दोन अंडी.

अडीच महिन्यांनी ते परत आले. वजन त्र्याण्णव. साखर सर्जनने मागितलेल्या आकड्याखाली. लघवीचा रिपोर्टही सुधारला होता. डॉक्टरांनी मधे ब्लडप्रेशरची गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाचं हा वाद घालता आला असता. कोणी घातला नाही. दिवाळीच्या महिनाभर आधी ऑपरेशन झालं. शेठने मशीनचं नाव काढायचं सोडलं.

यातून मी एवढंच शिकले की पेशंटला आकडा सांगण्याआधी तो कशाला गुणणार आहे ते विचारावं.

डोळा उघडल्यावर मास्टर मला भेटायला आले. चेहरा पडलेला. मोतीबिंदूची काच हळूहळू पिवळी होते आणि त्यातून निळा रंग मंद दिसतो, हे सर्जनने त्यांना ऑपरेशननंतर सांगितलं होतं. त्यांनी मिलमध्ये जाऊन दोन वर्षांतले जपून ठेवलेले सगळे निळे नमुने त्यांच्या लॉटच्या तुकड्यांशेजारी खिडकीत लावून पाहिले. त्यांच्या मते एकही जुळत नव्हता.

मग त्यांनी ऑफिसातली तक्रारींची फाइल काढून बघितली. दोन वर्षांत निळ्याबद्दल एकाही व्यापाऱ्याची तक्रार नव्हती.